पाचव्या गाण्यातली गिरणी

१

साल दोन हजार चोवीस. डिसेंबरचा पहिला आठवडा, मार्गशीर्ष लागून चार दिवस झाले होते. झोडणी उरकली होती आणि भिसेगावात नामा ठोंबरेच्या भातगिरणीपुढे पोत्यांची थप्पी लागली होती.

नामा चौऱ्याहत्तर वर्षांचा. शाळा तिसरीपर्यंत. पण कान असा, की अंगणात दाढी करत बसला तरी आतला पट्टा कुठे घासतो ते सांगे. भात सोलणाऱ्या हलरमध्ये खडा गेला तर केवढा गेला, तेही सांगे. चाळीस वर्षांत त्याचा कान चुकल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. आपला शब्द आणि आपला कान, या दोन गोष्टींचा त्याला गर्व होता.

गिरणीत एक रीत होती. ती नामानेच घातलेली. भाताचं तूस पंख्याच्या जोराने पत्र्याच्या नळातून मागच्या खोलीत जाऊन पडे. ती खोली चार हात लांब, चार हात रुंद. दार पत्र्याचं आणि आत उघडणारं. मागच्या भिंतीत उंचावर तूस काढायची एक झडप होती; तिच्यातून आत उडी मारता येई, पण आतून तिथे हात पोचत नसे. तुसाचा ढीग सरकून दाराला टेकला, की आतल्या माणसाला ते हलत नसे. म्हणून मोटर सुरू करण्याआधी लोखंडी गजाने दारावर तीन ठोके द्यायचे, "आत कोण हाय?" म्हणून विचारायचं, पाच श्वास थांबायचं, आणि मगच स्टार्टर दाबायचा. याला गिरणीत हाक म्हणत. हाक दिल्याशिवाय नामाची गिरणी फिरत नाही, हे कर्जतपासून चौकपर्यंत माहीत होतं.

त्या गुरुवारी त्याचा मुलगा हर्षद आला. तो रसायनीच्या कारखान्यात नोकरीला होता, मोहोपाड्याला क्वार्टरमध्ये राहायचा. गुरुवारी त्याची सुट्टी. बेचाळिशीला आला, केस विरळ झाले, पण उजव्या हातातली कवटीची लोखंडी अंगठी त्याने अजून काढली नव्हती. ती त्याच्या गिटारच्या दिवसांतली.

"बाबा, रेकॉर्ड परत निघाली आमची. 'सातवा बुरूज'. वीस वर्सांनी. जर्मनीची एक छोटी कंपनी काढते."

"त्यांना काय कामधंदा नाय?"

"तिकडं आयकतात लोक. जुनी टेप धुऊन काढली. आता बारीकसारीक सगळं वर आलं. तेव्हा जे दबलं होतं ना, ते पन."

कोपऱ्यात गौराबाई सुपात कणी पाखडत होती. तिचा हात थांबला.

"माझा विठू वाजवतो का रं त्यात?"

"सगळीकडं तोच हाय, मावशे," हर्षद म्हणाला. "आता त्याचे दोन पाय वेगळे वेगळे आयकू येतात."

नामाने मुलाच्या हातातली चकती घेतली. तिच्यावर किल्ल्याचं चित्र होतं. ती त्याने उलटसुलट पाहिली.

"धुतली म्हंजे काय केलं?" त्याने विचारलं.

२

दोन हजार चारच्या मे महिन्यात हर्षद, त्याचा मित्र किरण आणि गौराबाईचा विठू यांनी गिरणीच्या वखारीत गाणी भरली होती. त्यांच्या बँडचं नाव 'उल्कादुर्ग'. ते या संगीताला पॉवर मेटल म्हणत. नामाच्या कानाला ते घोडे उधळल्यासारखं वाटे. वर आभाळाला भिडलेला गळा, मधेच लग्नातल्या बँडसारखी गोड चाल, आणि खाली विठूचे पाय. विठूने चौकच्या एका गॅरेजमध्ये स्कूटरच्या स्प्रिंगा लावून ढोलासाठी पायाची दोन पेडलं करून घेतली होती. दिवसा तो नामाच्या गिरणीत पोती उचलायचा आणि संध्याकाळी ढोल बडवायचा. बावीस वर्षांचा. गौराबाईचं एकुलतं.

आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पोरांनी वखारीच्या भिंतींना तुसाची पोती लावली होती. चार वाजेपर्यंत गिरणी बंद ठेवायची, असा नामाने शब्द दिला होता.

शेवटच्या दिवशी पाचवं गाणं उरलं होतं. ढोल आधीच भरून झाले होते. हर्षद गात होता, किरण पेटीवर होता. विठू मोकळा होता. दुपारी तीनला गावातलं जुनं गिऱ्हाईक धाऊ लग्नाचं भात घेऊन आला आणि हसत म्हणाला, "काय शेट, पोरांनी गिरनी बंद केली तुमची? आता पोरांची परवानगी काढून यायचं का आमी?"

नामाला ते लागलं. तो तसाच उठला आणि त्याने स्टार्टर दाबला. त्या दिवशी त्याने हाक दिली नाही.

विठू तुसाच्या खोलीत झोपला होता. तिथे गार असायचं.

नामाला ठोके ऐकू आले होते. पट्ट्याच्या आवाजाखालून, पत्र्यावर, आतून. तीन, मग तीन, मग तीन. पाच वेळा. त्याने ओळखले होते. त्याला वाटलं, पोरगा चेष्टा करतो, पोरांना आपलं गाणं बिघडल्याचा राग आला. आता गिरणी थांबवली तर धाऊ गावभर सांगेल, की नामाने पोरांपुढे मान तुकवली. चाळीस मिनिटं त्याने भात भरडलं.

पुढे पोलीस आले. नामाने गौराबाईसमोर छातीला हात लावून सांगितलं, "मी हाक दिली. तीनदा ठोकलं. आतून कोण बोललं नाय." नामाचा शब्द. कोणी दुसरं काही विचारलंच नाही. विठू पिऊन झोपला असेल, असं ठरलं. गौराबाई त्या दिवसापासून बेवड्याची आई झाली. नामाने तिला गिरणीत काम दिलं आणि आठवड्याला एक पिशवी कणी लावून दिली. गाव म्हणालं, माणूस मोठा आहे.

पाचवं गाणं पुन्हा भरायला विठू नव्हता आणि कोणाला मनही नव्हतं. मधे गिरणीची घरघर आली होती ती तशीच दाबून गाणं तेव्हा छापलं गेलं.

नामाने मनात खूणगाठ बांधली. पेटी वाजते ती जागा. त्यानंतर गिरणी सुरू होते. आणि गिरणी सुरू होण्याआधी टेपमध्ये हाक नाही.

३

हर्षदने चकती वाजवायचं एक बॅटरीवरचं यंत्र ठेवलं होतं. दोन दिवसांनी दुपारी कर्जतची लाइट गेली. गिरणी थांबली. गिऱ्हाईकं झाडाखाली जाऊन बसली. नामाने गिरणीशेजारच्या कोठीचं दार लोटलं आणि पाचवं गाणं लावलं. आकडे त्याला वाचता येत. सात मिनिटं बारा सेकंद.

आधी घोडे उधळले. मग हर्षदचा कोवळा गळा वर चढला. बुरुजावर एकटा राहिलेल्या पहारेकऱ्याचं गाणं होतं ते. चार मिनिटांवर सगळं थांबलं आणि पेटी एकटी वाजू लागली.

नामाने श्वास धरला. पेटीच्या मागे वखारीची शांतता होती. कुठे तरी कावळा ओरडला. कोणी तरी जमिनीवर पाय सरकवला. ठोके नव्हते. मग मोटर उचलली, पट्टा फिरला, हलर बोलू लागला.

तो इतका स्वच्छ आवाज होता, की नामा उठून बाहेर गेला. पट्टा थांबलेला. मोटर गार. लाइट नव्हती. आत कोठीत मात्र त्याची गिरणी चालू होती.

तो परत येऊन बसला. मूर्खपणा आहे, त्याने स्वतःला सांगितलं, आवाज धुतला की असं होणारच.

मग पत्र्यावरचे ठोके आले. तीन. तीन. तीन.

नामाने बोटांवर मोजले. त्याला पाच वेळा आठवत होतं. इथे सहा झाले, सात झाले. नऊ वेळा झाले तेव्हा थांबले.

आणि त्यात आणखी काही होतं. मुठीने पत्रा ठोकला की आवाज बसका येतो. इथे प्रत्येक ठोक्याच्या शेवटी एक बारीक टण होता. लोखंड पत्र्याला लागल्यासारखा. विठूच्या हातात काही नव्हतं. नामानेच त्याचे हात छातीवर जुळवले होते.

टेपमध्ये आलं असेल काही तरी, नामा म्हणाला. मोठ्याने म्हणाला, आणि मग दार लोटलेलं आहे ना, ते पाहिलं.

४

विठूला बाहेर काढल्यावर नामाने एक काम केलं होतं. पत्र्याच्या दाराला आतून पोचे पडले होते. छातीच्या उंचीवर, तीनतीनचे. पोलीस येण्याआधी त्याने हातोडीने ते ठोकून सपाट केले होते.

लाइट आली नव्हती तोवर तो तुसाच्या खोलीत गेला. ढीग दोन दिवसांपूर्वीच वीटभट्टीवाला घेऊन गेला होता. खोली जवळजवळ रिकामी होती. वरच्या नळातून उजेडाची एक पट्टी पडली होती आणि तिच्यात बारीक तूस तरंगत होतं. वारा नसतानाही ते खाली बसत नव्हतं.

त्याने दार लावून घेतलं आणि पत्र्यावरून तळवा फिरवला.

पोचे होते.

ते वर आले असतील, त्याने विचार केला. पत्रा तापतो, गार होतो, जुना वाक पुन्हा घेतो. वीस वर्षं झाली. असं होतं.

पण हे पोचे नव्याच जागी होते. एक वीत वर. विठू बुटका होता. आणि प्रत्येक पोच्याशेजारी एक ओरखडा होता, नखाएवढा, चकचकीत, आजच पडल्यासारखा. गंजाचा ठिपका नव्हता त्यावर.

नामाने हातोडी आणली. सत्तावीस पोचे सपाट करता करता त्याला घाम फुटला. शेवटचा ठोकला तेव्हा बाहेरून गौराबाईचा आवाज आला.

"आत कोन हाय?"

"मी हाय."

"आवाज आला म्हनून इचारलं. इचारावं मानसानं, नाय का शेट?"

नामा बाहेर आला. ती सूप घेऊन उभी होती. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं.

५

पुढच्या गुरुवारी हर्षद आधी गौराबाईच्या घरी गेला आणि मग गिरणीवर आला. चहाला हात न लावता बसून राहिला.

"बाबा, एक इचारू?"

"इचार की."

"त्या दिवशी तुमी हाक दिली होती ना?"

नामाने बशी खाली ठेवली.

"वीस वर्सांनी बापाला इचारतोस?"

"पाचव्या गान्यात ठोके नाय आयकू येत. मोटरीच्या आधी. नंतर येतात. आतून."

"भिंतीला तुसाची पोती लावली होती तुमीच. त्यातनं बाहेरचा गज कसा आयकू येनार?"

"मग आतला हात कसा आयकू आला?"

हर्षद अंगठी फिरवत राहिला.

"मी आवाजवाल्याला फोन केला," तो म्हणाला. "तो म्हनतो, त्यानं काय घातलं नाय. मला बघायचंच हाय. तुसाच्या खोलीतला आवाज वखारीत जातो का नाय, तेवढं. गेला तर टेप खरी. नाय गेला तर कुटलातरी भलताच आवाज हाय, मी गानं काढून टाकायला सांगतो. मग विषय मिटला. पुढच्या गुरुवारी मोठा स्पीकर आनतो, वखारीत लावतो. मावशीला पन बसवतो. तिला विठूचं आयकायचं हाय."

"ती रडंल."

"रडू दे की बाबा. तिचा हक्क हाय तेवढा."

"मी हाक दिली होती," नामा म्हणाला.

"बरं," हर्षद म्हणाला, आणि बापाकडे न बघता उठला.

त्या दिवशी नामाने पाचवं गाणं पुन्हा ऐकलं, भर दुपारी, दार सताड उघडं ठेवून. पेटी. कावळा. मोटर. ठोके, टण आवाजासकट. आठव्या खेपेनंतर माणसाचा आवाज आला. तूस तोंडात गेल्यासारखा जाड, पण कळण्यासारखा.

"बाबा. बाबा, थांबा."

नामाने यंत्र बंद केलं. हात मांडीवर ठेवून बसला.

विठू त्याला शेट म्हणायचा. सात वर्षांचा होता तेव्हापासून शेट. बाबा कधीच नाही.

मरताना माणूस कोणालाही बाप म्हणतो, नामाने स्वतःला समजावलं. एवढंच असेल. पण हे गौराबाईच्या कानावर पडलं, तर गिरणी, शब्द, चाळीस वर्षं, सगळं तुसासारखं उडून जाईल. हे तेवढं होऊ द्यायचं नाही.

काय करायचं ते त्याला माहीत होतं. आवाज बुजवायचा तर मोठा आवाज लागतो, आणि तो त्याच्या हाताशी होता.

६

एकोणीस तारीख. मार्गशीर्षातला गुरुवार, बायका घरोघरी पूजेच्या तयारीत. गिरणीवर गिऱ्हाईक नव्हतं. धाऊचं भात मात्र नामाने सकाळीच मागवून हलरवरच्या हॉपरमध्ये भरून ठेवलं होतं.

हर्षदने गळ्यात हेडफोन अडकवून वखारीत स्पीकर लावला. भिंतींना तेव्हासारखीच तुसाची पोती लावली. गौराबाई मधोमध पाटावर बसली, नवं लुगडं नेसून. लग्नाला आल्यासारखी.

"बाबा, तुमी येता का?"

"मला काम हाय."

वखारीचं दार लोटलं गेलं. पहिलं गाणं सुरू झालं. नामा स्टार्टरशेजारी स्टुलावर बसला. भिंतीतून घोड्यांच्या टापा येत होत्या. दुसरं झालं. तिसरं झालं. त्याने घड्याळ मांडीवर ठेवलं होतं. चौथं झालं. पाचवं लागलं तेव्हा त्याने गज हातात घेतला. आज हाक द्यायची होती. बाई शेजारीच बसली होती.

चार मिनिटं झाली. घोडे थांबले. पेटी एकटी वाजू लागली.

नामा पत्र्याच्या दाराशी गेला. तीन ठोके दिले.

"आत कोण हाय?"

आतून तीन ठोके आले. प्रत्येकाच्या शेवटी बारीक टण.

नामा जागच्या जागी उभा राहिला. आवाज वखारीतून आला नव्हता. दाराच्या मागून आला होता, हाताच्या अंतरावरून, छातीच्या उंचीवरून. त्याच्या कानाने त्याला हे स्वच्छ सांगितलं. पत्रा गजाखाली थरथरत होता.

"बाबा," आतला आवाज म्हणाला. "बाबा, थांबा."

तोच आवाज. तेच शब्द. जसे यंत्रात होते तसेच. त्याने ते इतक्या वेळा मनात ऐकले होते, की पुढचा श्वास कुठे पडणार तेही त्याला माहीत होतं. रेकॉर्ड आहे, तो पुटपुटला. स्पीकर मोठा आहे, पत्रा गुंजतो. वीस वर्षांपूर्वी मेलेला माणूस आता मला थांबवणार काय.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा नामाने आपल्या कानावर विश्वास ठेवला नाही. तो मागे फिरला, पाच श्वास न थांबता, आणि त्याने स्टार्टर दाबला.

मोटर उचलली. पट्टा फिरला. धाऊचं भात खाली उतरू लागलं आणि तूस नळातून धो धो निघालं. पेटी बुडाली. वखार बुडाली. फक्त ठोके राहिले. तीन. तीन. तीन. नामा बोटांवर मोजत होता. सहा. सात. आठ.

नवव्या खेपेला दोनच ठोके आले. मग काही नाही.

बरोबर, नामाला वाटलं. संपली रेकॉर्ड.

वखारीचं दार उघडलं होतं. गौराबाई उंबऱ्यात उभी होती. पदराखाली हात घेऊन, न हलता. ती त्याच्याकडे बघत होती. रडत असेल, त्याने ठरवलं आणि नजर भातावर ठेवली. हॉपर रिकामा होईपर्यंत त्याने गिरणी थांबवली नाही. ती तिथेच उभी होती.

७

मोटर थांबली. पट्टा दोन वेळा फडफडला आणि निवला. वखारीत शेवटचं गाणं वाजत होतं. विठूचे दोन पाय पडत होते, वेगळे वेगळे, एकाही मात्रेला न चुकता.

"हाक दिलीव, शेट?" गौराबाईने विचारलं.

"दिली," नामा म्हणाला. या वेळी ते खरं होतं.

"आतनं कोन बोललं?"

नामा पट्ट्यावरचं तूस झटकू लागला.

"त्या दिवसाचं गानं हर्षदनं मागल्या गुरवारीच मोबाइलवर आयकवलं मला," ती म्हणाली. "हाक नव्हती त्यात. माझ्या विठूला हाक नव्हती."

नामाने वखारीत पाहिलं. पाट रिकामा. स्पीकर. भिंतीला पोती. आणखी कोणी नव्हतं.

"हर्षद कुठं गेला?"

"पाचवं लागलं तवा उठला. म्हनला, मावशे, तू हितंच बस. मी मागल्या झडपेनं तुसाच्या खोलीत उतरून ठोकतो. आयकू आलं का सांग मला." ती थांबली. "आलं. सगलं आलं."

पत्र्याच्या दाराखालच्या फटीतून तूस बाहेर सांडलं होतं, पिवळंधमक, अजून गरम. त्यातून हेडफोनची एक काळी वायर बाहेर आली होती. तिचं दुसरं टोक दाराच्या आत होतं आणि ती ताणलेली होती. नामाने दार ढकललं. दार हललं नाही.

गौराबाईने खुंटीवरची कणीची पिशवी काढली. ती त्याच्या पायाशी ठेवली.

"फिटलं," ती म्हणाली.